तंजावरचे सरफोजी राजे : बंद खोलीपासून उघड्या दारापर्यंत

ज्याच्यापाशी धनाला तोटा नाही, परंतु ज्याच्या हाती सत्ता उरलेली नाही. ज्याला मान आहे, पण करण्यासारखे राजकारण नाही. जो आपल्याच किल्ल्याच्या चार भिंतींत राहतो आणि ज्याच्या छंदांविषयी ऐकून लोक आश्चर्याने माना डोलवतात, असा मनुष्य आपले आयुष्य कसे खर्च करील? या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या माणसांनी निरनिराळे दिले आहे.

अमेरिकेतील हॉवर्ड ह्यूज या कोट्यधीशाचे नाव आपल्या कानावरून गेले असेल. वडिलांच्या मृत्यूनंतर सन १९२४ मध्ये वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी तो मोठ्या कारखान्याचा वारस झाला. त्याने चित्रपट काढले, विमाने बांधली आणि सन १९३८ मध्ये चार दिवसांच्या आत विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा केली. परंतु उत्तरायुष्यात तो माणसांना व रोगजंतूंना इतका भिऊ लागला की, सन १९६६ पासून चार वर्षे लास वेगास शहरातील एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर पडदे लावून तो बसून राहिला. सन १९७६ मध्ये उपचारासाठी नेत असता विमानातच त्याचा अंत झाला. ज्या जीवनाची सुरुवात आकाशात झेप घेण्याने झाली, त्याचा शेवट बंद खोलीत झाला.

आज आपण ज्या पुरुषाचे चरित्र पाहणार आहोत, त्याच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. त्याचे बालपण अंधाऱ्या खोलीत गेले आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याचा अमोल संग्रह साऱ्या जगाला खुला झाला. तो मराठी होता. त्याचे राज्य मात्र महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात होते. त्याचे नाव सरफोजी राजे भोसले. त्याच्या जीवनाचा धागा एका जर्मन मिशनऱ्याच्या जीवनाशी असा काही गुंफला गेला आहे की, एकाची कथा सांगताना दुसऱ्याची सांगावीच लागते.

तंजावरचे मराठी राज्य

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकात तंजावर येथे भोसल्यांची गादी स्थापन केली. भोवती तामिळ भाषा, दरबारात तेलुगू व संस्कृत पंडितांचा राबता, आणि राजघराण्याच्या मुखी मराठी, असा तेथे अपूर्व संगम झाला. परंतु अठराव्या शतकात या राज्याला बरे दिवस राहिले नाहीत. एका बाजूने अर्काटचा नबाब, दुसऱ्या बाजूने म्हैसूरचा हैदर अली आणि या सर्वांच्या आड ईस्ट इंडिया कंपनी, अशा तीन जात्यांत ते भरडले गेले. सन १७७३ मध्ये नबाबाने कंपनीच्या फौजेच्या साहाय्याने तंजावर घेतले व राजे तुळजाजी यांना बंदिवान केले. सन १७७६ मध्ये त्यांना गादी परत मिळाली. पण राजा म्हणून त्यांचा कणा मोडला तो कायमचाच.

या दुःखी राजाला एक मित्र होता. रेव्हरंड ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे त्यांचे नाव. प्रशियातील सोनेनबुर्ग या गावी सन १७२६ मध्ये त्यांचा जन्म झाला. हाले येथील विद्यापीठात असतानाच त्यांनी तामिळ भाषेशी परिचय करून घेतला आणि सन १७५० मध्ये ते तरंगमबाडीच्या किनाऱ्यावर उतरले. तेव्हापासून मरेपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्यांनी मायदेशाचे तोंड पाहिले नाही. विवाहही केला नाही. तामिळ तर त्यांना उत्तम येतच असे. त्याशिवाय फारसी, हिंदुस्थानी आणि पोर्तुगीज या भाषा त्यांनी आत्मसात केल्या. तंजावरच्या दरबाराशी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले. आपल्या महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी सन १८१३ मध्ये मुंबईस आले. त्यापूर्वी कितीतरी वर्षे मराठी भाषेतून ख्रिस्ताविषयीचे संभाषण तंजावरच्या राजवाड्यात चालत असे, ही गोष्ट आपण मराठी ख्रिस्ती जनांनी विसरता कामा नये.

श्वार्ट्झ साहेबांची खरी पुंजी कोणती? ती म्हणजे त्यांचा शब्द. सन १७७९ मध्ये मद्रास सरकारने त्यांना हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणास पाठविले, कारण इंग्रजांपैकी कोणावरही हैदरचा विश्वास नव्हता. पुढे हैदरने कर्नाटकावर स्वारी केली तेव्हा तंजावरच्या किल्ल्यात अन्नान्नदशा झाली. बाहेर खेड्यांत धान्य होते, पण ते आणण्यास बैल मिळत नव्हते. कारण पूर्वी दिलेल्या धान्याचे पैसे न मिळाल्याने शेतकऱ्यांचा ना राजावर विश्वास उरला होता, ना इंग्रज अधिकाऱ्यांवर. शेवटी या मिशनऱ्याने स्वतः जामीन राहून शब्द दिला, तेव्हा बैल आले, धान्य आले आणि प्रत्येकाला त्याचे पैसे चुकते करण्यात आले. राजवाड्याला जे जमले नाही ते एका साध्या काळ्या झग्यातील मनुष्याने केले.

मरणशय्येवरील ठेव

तुळजाजी राजांची मुले व नातवंडे त्यांच्या डोळ्यांदेखत निवर्तली होती. सन १७८७ च्या आरंभी, आपला अंत समीप आला असे पाहून त्यांनी भोसले घराण्याच्याच एका शाखेतील एक बालक दत्तक घेतले. हाच सरफोजी. त्याचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. म्हणजे तो त्या वेळी नऊ वर्षांचा होता. राजांनी श्वार्ट्झ यांना बोलावून घेतले आणि हे मूल माझे नसून तुमचेच समजा, अशा अर्थाने त्यांच्या हाती सोपविले.

वाचकहो, या प्रसंगी श्वार्ट्झ यांनी काय केले ते ध्यानपूर्वक पाहा. एखाद्या महत्त्वाकांक्षी मनुष्याला ही पर्वणीच वाटली असती. राजपुत्राचा पालक होणे म्हणजे राज्याचा कारभारी होणे. परंतु श्वार्ट्झ यांनी नम्रपणे नकार दिला. राजवाड्याचे डावपेच आपल्या आवाक्याबाहेरचे आहेत, आणि आपण अधूनमधून भेट देण्याने मुलाचे रक्षण व्हायचे नाही, असे त्यांना वाटले. त्यांनी राजांचे सावत्र बंधू अमरसिंग यांना पालक नेमावे असा सल्ला दिला व राजांनी तो मानला.

सल्ला शुद्ध मनाने दिलेला होता. त्याचे फळ मात्र कडू निघाले. तुळजाजींच्या मृत्यूनंतर अमरसिंग यांनी गादीवर स्वतःचाच हक्क सांगितला. कंपनी सरकारने पंडितांचे मत घेतले. पंडितांनी दत्तकविधान अशास्त्र ठरविले आणि अमरसिंग राजे झाले. आता बाळ सरफोजी हा राजपुत्र राहिला नाही; तो गादीच्या वाटेतील धोंडा झाला. त्याला एका खोलीत कोंडून ठेवण्यात आले. उजेड नाही, खेळगडी नाहीत, गुरू नाही. लिहिणेवाचणेदेखील त्याला कोणी शिकवीत नव्हते. बुद्धिमान मुलाची बुद्धी उपाशी ठेवून त्याला निकामी करावे, असाच त्यामागे हेतू असावा असे दिसते.

ही हकीकत श्वार्ट्झ यांच्या कानी आली तेव्हा ते गप्प बसले नाहीत. ज्या मुलाची जबाबदारी त्यांनी एकदा नाकारली होती, तीच आता त्यांच्या विवेकाला टोचू लागली. त्यांनी मद्रास सरकारकडे पुन्हा पुन्हा लिहून मुलाच्या संरक्षणाची मागणी केली. शेवटी सन १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या विधवा राण्या यांना तंजावरहून हलवून मद्रासेस ठेवण्यात आले. तेथे श्वार्ट्झ यांचे सहकारी रेव्हरंड गेरिके यांनी त्याच्या शिक्षणाची देखरेख केली. कोंडलेल्या मनाची कवाडे उघडली आणि मुलगा अधाशासारखा शिकू लागला. इंग्रजी भाषा, गणित, इतिहास, निसर्गशास्त्र, जे समोर येईल ते त्याला हवे असे. ज्याने अंधार भोगला आहे त्यालाच उजेडाची खरी किंमत कळते.

इकडे गादीचा प्रश्न श्वार्ट्झ यांनी धसास लावला. पहिल्या पंडितांचे मत निर्दोष नव्हते, असे त्यांनी आधारासह दाखवून दिले. काशीच्या व बंगालच्या पंडितांचा अभिप्राय मागविण्यात आला आणि दत्तकविधान शास्त्रशुद्ध होते असा निर्णय झाला. पण न्यायाची चाके सावकाश फिरतात. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ यांनी तंजावर येथे देह ठेवला. सरफोजी राज्यारूढ झाले ते त्यानंतर साडेचार महिन्यांनी, २९ जून १७९८ रोजी. ज्याने बी पेरले व पाणी घातले, त्याला पीक पाहावयास मिळाले नाही.

अंत्यविधीच्या दिवशी वीस वर्षांचा हा राजपुत्र हजर होता. जातिनियम, दरबारी रिवाज आणि लोकापवाद बाजूला सारून तो शवापाशी आला, मुलाने बापासाठी रडावे तसा रडला, त्याने देहावर सोनेरी वस्त्र घातले आणि कबरेपर्यंत चालत गेला.

राज्याविना राजा

सरफोजी राजांना गादी मिळाली, परंतु राज्य मिळाले नाही. २५ ऑक्टोबर १७९९ रोजी कंपनीशी जो तह झाला त्यान्वये साऱ्या प्रांताचा कारभार इंग्रजांकडे गेला. राजांकडे किल्ला व त्याचा परिसर राहिला. दरवर्षी एक लाख स्टार पॅगोडा म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा त्यांना मिळावा असे ठरले. ज्या कंपनीने अनाथ राजपुत्राला न्याय दिला, तिनेच वर्षभरात त्याचे राज्य गिळले, हे सत्य लपविण्याचे कारण नाही. हा तह श्वार्ट्झ यांच्या मृत्यूनंतरचा आहे. तरीही मिशनऱ्याची पुण्याई आणि कंपनीचा स्वार्थ यांची सरमिसळ करून आपण इतिहास वाचू नये.

आता बावीस वर्षांच्या या राजापुढे उभे आयुष्य पसरले होते. त्या काळी प्रचंड म्हणावे असे उत्पन्न, आणि करण्यास काहीच नाही! लढाया नाहीत, वसुली नाही, राजकारण नाही. दूरच्या प्रवासालाही कंपनी सरकारची संमती लागे. अशा स्थितीत सापडलेल्या कित्येक संस्थानिकांनी आपला काळ नाचगाणी, मद्य आणि शिकार यांत घालविला. सरफोजी राजांनी आपल्या किल्ल्याच्या आत एक निराळेच राज्य उभारले. ते विद्येचे राज्य होते.

त्यांचे छंद ऐकून पाहुणे थक्क होत. वाड्यात दुर्बिणी होत्या, हवा ओढून घेणारे यंत्र होते, विजेच्या ठिणग्या पाडणारे यंत्र होते. शरीररचना समजून घ्यावी म्हणून त्यांनी मानवी सांगाड्याची कृत्रिम प्रतिकृती मिळविली. एकीकडे इंग्रजी वाद्यवृंद वाजे, दुसरीकडे वीणा. पृथ्वीच्या नकाशाची त्यांना इतकी गोडी की, जगाचा भूगोल गाण्यांतून शिकविणारे देवेंद्र कुरवंजी नावाचे मराठी नाटक त्यांच्या नावावर आहे. सन १८०३ मध्ये त्यांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा संपूर्ण इतिहास मराठी भाषेत कोरून घेतला. एवढा प्रदीर्घ मराठी शिलालेख क्वचितच आढळेल. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ त्यांनी समुद्रकिनारी मनोरा नावाचा आठ मजली षट्कोनी बुरूज बांधला. गमतीची गोष्ट ही की, ज्यांनी त्यांचे राज्य घेतले त्यांच्याच विजयाचा तो स्तंभ होता.

लहरी धनिकाचे हे खेळ होते काय? वरवर पाहता तसे वाटेल. पण थोडे खोल जाऊन पाहू या.

राजांनी वैद्यकाचा नुसता छंद केला नाही. धन्वंतरी महाल या संस्थेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक या सर्वांचे जाणकार एकत्र आणून औषधांची पारख करण्यात येई. जे उपाय गुणकारी ठरत ते टिपून ठेवले जात, आणि पुढे ते तामिळ पद्यांत रचले गेले. नेत्ररोगांवर त्यांचा विशेष कटाक्ष होता. रोग्याची लक्षणे, केलेला उपचार, मिळालेला गुण आणि सोबत डोळ्याचे रंगीत चित्र, अशा नोंदी राजांच्या पदरच्या लोकांनी केल्या व त्या आजही उपलब्ध आहेत. त्यांतील काही नोंदी मोतीबिंदू काढल्याच्या आहेत. बालपणी अंधारात ठेवलेल्या मनुष्याने आंधळ्यांच्या डोळ्यांची अशी काळजी घ्यावी, यात ज्याला परमेश्वराचा हात दिसत नाही त्याने निदान क्षणभर थांबून विचार तरी करावा.

शिक्षणाचीही तीच कथा. ज्याला एके काळी अक्षरही शिकू दिले नव्हते त्याने शाळा काढल्या. ओरत्तनाडू येथे सन १८०२ मध्ये मुक्तांबाळ हिच्या नावे अन्नछत्र बांधले. तेथे प्रवाशांना व गरिबांना अन्न, आजाऱ्यांना औषध आणि मुलांना विनामूल्य विद्या मिळे. राजवाड्यात त्यांनी छापखाना घातला आणि त्यातून सन १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर बालबोध मुक्तावली या नावाने छापून काढले. वाचकहो, या सनाकडे लक्ष द्या. विल्यम केरी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे मराठी व्याकरण व मत्तयाचे शुभवर्तमान सन १८०५ मध्ये छापले. त्याच्या पाठोपाठ तंजावरला मुलांसाठी मराठी पुस्तक छापले गेले. मुंबई-पुण्याकडे मराठी छपाईने मूळ धरण्यापूर्वीच आपल्या भाषेचे हे काम एका बंगाली गावात आणि एका तामिळ शहरात चालले होते!

आणि सर्वांत मोठे काम म्हणजे सरस्वती महाल. हा ग्रंथसंग्रह नायक राजांच्या काळापासूनचा होता, परंतु सरफोजी राजांनी त्याचे रूप पालटून टाकले. सन १८२० ते १८२२ या काळात ते सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा घेऊन काशीयात्रेस गेले. इतरांनी काशीहून गंगाजल आणले. राजांनी त्याबरोबर संस्कृत हस्तलिखितांच्या राशी आणल्या. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशा भाषांतील सुमारे चार हजार पुस्तके त्यांनी मागविली, आणि कित्येकांवर स्वतःच्या हाताने इंग्रजीत सही केली. आज त्या संग्रहात चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. त्यांपैकी सुमारे तीन हजार मराठी आहेत. सन १९१८ मध्ये हा सारा ठेवा सार्वजनिक झाला.

राजे आणि ख्रिस्ती मंडळी

ख्रिस्ती जनांविषयी राजांची वागणूक कशी होती? आपल्या चाकरीतील ख्रिस्ती लोकांना, मग ते मुलकी असोत वा लष्करी, रविवारी व सणाच्या दिवशी उपासनेस जाण्यास कोणी आडकाठी करू नये असा त्यांनी हुकूम काढला. गरीब ख्रिस्ती मुलांच्या अन्नवस्त्राची व शिक्षणाची त्यांनी कण्णंदगुडी येथे सोय केली. श्वार्ट्झ यांचे मानसपुत्र व उत्तराधिकारी रेव्हरंड कोलहॉफ यांच्याशी त्यांनी अखेरपर्यंत स्नेह राखला. श्वार्ट्झ यांच्याच हाताखाली शिकलेले थोर तामिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री हेही पुढे राजांच्या आश्रयास होते.

श्वार्ट्झ यांच्या स्मारकासाठी राजांनी इंग्लंडमधील जॉन फ्लॅक्समन या विख्यात मूर्तिकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. शिवगंगा तलावाजवळ श्वार्ट्झ यांनी सन १७७९ मध्ये बांधलेल्या चर्चमध्ये ते आजही पाहावयास मिळते. शिल्पात वृद्ध मिशनरी मृत्युशय्येवर आहेत, मागे गेरिके उभे आहेत, शाळेची मुले जवळ आहेत, आणि राजा त्या वृद्धाचा हात हाती घेऊन उभा आहे. एका हिंदू राजाने ख्रिस्ती मंदिरात, एका परदेशी उपदेशकाच्या चरणांशी, आपली कृतज्ञता दगडात कोरून ठेवावी असे उदाहरण जगाच्या इतिहासात फारसे नाही. थडग्यावरील इंग्रजी पद्यही राजांनीच रचलेले आहे असे मानतात.

तथापि, प्रिय वाचकहो, येथे एक प्रश्न आपल्या मनात उभा राहिल्यावाचून राहात नाही. सरफोजी राजे ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. आपल्या कुलदेवतांची पूजा, बृहदीश्वराची भक्ती आणि काशीची यात्रा यांत त्यांनी खंड पडू दिला नाही. मग श्वार्ट्झ यांचे श्रम व्यर्थ गेले काय?

हा प्रश्न त्या काळीही अनेकांना सलत होता. सन १८२६ च्या पुनरुत्थानदिनाच्या सुमारास कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरास आले. गीतकार म्हणून त्यांची कीर्ती जगभर आहे. राजांची भेट झाली तेव्हा त्यांचे निसर्गशास्त्राचे ज्ञान, इंग्रजी काव्याची जाण, रुबाब आणि सौजन्य पाहून बिशप चकित झाले. राजपुत्र शिवाजी यास आपल्याबरोबर प्रवासास न्यावे व शिकवावे अशी त्यांनी इच्छा दर्शविली. पण आईचे मन तयार झाले नाही. त्या भेटीनंतर बिशपांना तीव्रतेने वाटले की, श्वार्ट्झ ज्याच्यासाठी प्रार्थना करीत होते त्या राजासाठी मंडळीने उपासनेत प्रार्थना केली पाहिजे. त्यांनी लगेच एक लहानशी प्रार्थना लिहिली, ती तामिळमध्ये आणण्याची व्यवस्था केली आणि ते तिरुचिरापल्लीस गेले. तेथेच ३ एप्रिल १८२६ रोजी स्नान करीत असता त्यांचा अकस्मात अंत झाला.

राजे त्यानंतर सहा वर्षे जगले. ७ मार्च १८३२ रोजी त्यांनी इहलोकची यात्रा संपविली. त्यांचे पुत्र शिवाजी सन १८५५ मध्ये निपुत्रिक वारले आणि कंपनीने गादीच खालसा केली. व्यंकोजींनी स्थापिलेले राज्य संपले.

व्यर्थ गेले काय?

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. श्वार्ट्झ यांनी त्या कोंडलेल्या मुलाला सोडविले ते कशासाठी? तो पुढे ख्रिस्ती होईल आणि एक अख्खे संस्थान मंडळीत येईल, या हिशेबाने काय? तसा हिशेब असता तर मुलगा मद्रासेस त्यांच्या सहकाऱ्यांच्या देखरेखीखाली असताना बाप्तिस्म्याचा आग्रह धरण्यास कोणाची हरकत होती? गादीचा दावा त्यांच्याच लेखणीवर अवलंबून असताना अट घालणे किती सोपे होते! त्यांनी तसे केले नाही. मृत्यूपूर्वी राजपुत्र भेटीस आला तेव्हा त्यांनी त्याला प्रजेशी न्यायाने वागण्याचा, ख्रिस्ती जनांचे रक्षण करण्याचा आणि जिवंत देवाचा शोध करण्याचा उपदेश केला. साक्ष दिली, पण सौदा केला नाही. अन्यायाने कोंडलेल्या मुलाची सुटका हे काम त्यांना स्वतःच पुरेसे पवित्र वाटले.

जखमी वाटसरूला उचलून धर्मशाळेत नेणाऱ्या शमरोन्याची कथा आपण जाणतो. त्या वाटसरूने पुढे काय केले, तो कोणत्या डोंगरावर उपासनेस गेला, हे प्रभूने सांगितलेले नाही. प्रश्न वाटसरूचा नव्हताच. प्रश्न शेजारी कोण झाला हा होता.

दुसऱ्या बाजूने, पुष्कळ धन असलेला तो तरुण अधिकारी आठवतो, जो प्रभूकडे उत्सुकतेने आला आणि खिन्न होऊन परत गेला. सरफोजी राजेही दारापर्यंत आले आणि आत आले नाहीत, असे कोणी म्हणेल. त्यांच्याविषयी मंडळीला जे दुःख वाटले ते खरे होते व ते आपण लपवू नये. पण त्यांच्या अंतःकरणाचा न्याय करणारा देव आहे, आपण नव्हे. त्यांनी जे केले तेवढे आपल्या डोळ्यांसमोर आहे. मिळालेल्या धनाची त्यांनी नुसती कोठारे बांधली नाहीत. आंधळ्यांच्या डोळ्यांवर उपचार झाले, भुकेल्यांना अन्न मिळाले, मुलांच्या हाती पुस्तक आले आणि परकीय गुरूचे उपकार त्यांनी भर दरबारी मान्य केले.

ह्यूज आणि सरफोजी या दोघांची तुलना करताना आपण न्यायाने बोलले पाहिजे. ह्यूजनेही सन १९५३ मध्ये वैद्यकीय संशोधनाची एक संस्था स्थापिली व ती आज मोठे कार्य करीत आहे. आणि त्याचा एकांत हा बऱ्याच अंशी आजाराचा परिणाम होता. आजाऱ्याला आपण नावे ठेवू नयेत. परंतु एक भेद मनाला चटका लावतो. त्या कोट्यधीशाच्या बंद दाराशी पगारी माणसे बसत. आणि तंजावरच्या अंधाऱ्या खोलीच्या दाराशी, कोणी न बोलावता, एक गरीब मिशनरी जाऊन उभा राहिला. धनाने मनुष्य स्वतःला कोंडून घेऊ शकतो. सोडवायला मात्र कोणीतरी माणूसच यावा लागतो.

म्हणून, प्रिय वाचकहो, कधी तंजावरास जाण्याचा योग आला तर मोठे मंदिर अवश्य पाहा, सरस्वती महालात आपल्या मायबोलीची जुनी पाने पाहा आणि मग शिवगंगेच्या काठच्या त्या शांत चर्चमध्येही पाऊल टाका. त्या शिल्पातील दोन हातांकडे पाहून स्वतःला विचारा: आपल्या गावात, आपल्या गल्लीत, कदाचित आपल्याच घरात, कोणते मूल आज अंधारात कोंडले गेले आहे? गरिबीने, व्यसनी बापाने, जातीच्या भिंतीने, की आपल्याच बेपर्वाईने? ते आपल्या मंडळीत येईल की नाही याचा हिशेब नंतर करता येईल, किंवा न केला तरी चालेल. आधी त्याच्या खोलीचे दार उघडले पाहिजे.